विश्लेषण : ब्रेक दाबताच स्टेअरिंग का थरथरते? डिस्क घासून घ्यावी की बदलावी?

कसारा आणि माळशेज. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून वर देशावर जाणारे हे दोन घाट. एकाच्या वाटेवर शहापूर तालुका, दुसऱ्याच्या वाटेवर मुरबाड. या दोन तालुक्यांतल्या गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी : ‘ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, पाय धडधडतो.’ उत्तरही ठरलेले असते : ‘डिस्क बेंड झाली, लेथवर घासून आणू.’ काही शे रुपयांत काम होते आणि गाडी पुन्हा भेंडी, विटा किंवा शाळेची मुले घेऊन रस्त्यावर येते. पण प्रत्येक डिस्क घासण्याजोगी असते का? ती खरोखर वाकडी झालेली असते का? आणि घासून पातळ झालेली डिस्क पुढच्या घाटात काय करते?

डिस्क आणि ड्रम म्हणजे नेमके काय?

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. काही जण तिला रोटर म्हणतात. ब्रेकचा पेडल दाबला की तेलाच्या दाबाने कॅलिपरमधले दोन पॅड या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक पोकळ डबा फिरतो आणि आतले दोन शू बाहेरच्या दिशेने फाकून त्याच्या आतल्या भिंतीला घासतात. शूवर चिकटवलेल्या थराला आपल्याकडे सरसकट लायनर म्हणतात. या भागातल्या बहुतेक पिकअप, इको, टॅक्सी परवान्याच्या जीप आणि लहान मोटारींना पुढे डिस्क, मागे ड्रम अशी जोडी असते. एसटी बस, ट्रक आणि डम्परना हवेच्या दाबावर चालणारे मोठे ड्रम असतात.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण त्याचे धातूवर धातू घासणारे ब्रेक इतके किंचाळत की ते फारसे चालले नाहीत. पुढे १९५३ मध्ये जग्वार कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींनी फ्रान्समधील ‘ल मॉं’ची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि मोटार कंपन्यांचे लक्ष तिकडे वळले.

डिस्क आणि ड्रम दोन्ही बहुधा करड्या ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असतात. पोलाद अधिक मजबूत असूनही बीड का? कारण त्यात ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांचे जाळे असते. ते उष्णता पटकन पसरवते आणि कंपने जिरवते. शिवाय बीड ओतायला सोपे आणि स्वस्त. दुचाकीची डिस्क मात्र उघडी, पातळ आणि सतत पावसात असल्याने ती गंजरोधक पोलादाची करतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

घाटात ब्रेकवर किती ताण येतो?

गाडी थांबवणे म्हणजे तिच्या वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणे. दीड टनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर साधारण ३७० किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे लिटर-सव्वा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी.

आता इगतपुरी ते कसारा हा उतार बघू. उंचीतला फरक सुमारे ३०० मीटर. तीच दीड टनाची मोटार एवढी खाली आणताना सुमारे ४४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. जवळपास १४ लिटर पाणी उकळीला येईल एवढी, किंवा ८० च्या वेगावरून लागोपाठ बारा वेळा गाडी थांबवण्याइतकी. २८ टनांचा भरलेला ट्रक असेल, तर हाच आकडा २६० लिटर पाण्यावर जातो. यातला काही वाटा हवेचा आणि टायरचा विरोध खातो. योग्य गिअरमध्ये गाडी असेल तर मोठा वाटा इंजिन उचलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवर पडतो.

याच घाटात रेल्वेला ३७ मीटर चालीमागे एक मीटर असा चढ आहे. त्यासाठी कसाऱ्याहून वर जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. रस्त्यावरच्या पिकअपला असे कुणी लावत नाही, ना चढताना, ना उतरताना. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावरच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे वेगवान मोटारींना जुना घाट टाळता येतो. पण वासिंद, खर्डी, कसारा पट्ट्यातल्या स्थानिक गाड्यांचा आणि बऱ्याच मालवाहतुकीचा रस्ता अजून जुनाच आहे. माळशेजच्या वाटेला तर पर्याय नाही. टोकावडे, मोरोशीहून वर जाणारी प्रत्येक गाडी त्याच घाटाने परत उतरते.

डिस्क खरोखर ‘बेंड’ होते का?

गॅरेजच्या भाषेत ‘डिस्क बेंड झाली’ हे एकच वाक्य तीन-चार वेगळ्या बिघाडांसाठी वापरले जाते. इथेच पहिली गफलत होते. तापून पापडासारखी वाकलेली डिस्क प्रत्यक्षात कमी सापडते. शर्यतीच्या मोटारींचे अमेरिकी अभियंते कॅरोल स्मिथ यांनी तर वाकलेल्या डिस्कची कल्पना बव्हंशी गैरसमज असल्याचे ठामपणे लिहिले होते. मग थरथर येते कुठून?

सगळ्यात जास्त आढळणारे कारण म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसणे. चकतीच्या एका भागात ती इतर ठिकाणापेक्षा दीड शतांश मिलिमीटरने जरी जास्त असली, तरी पायाला धडधड जाणवू शकते. ०.०१५ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम पाचवा हिस्सा. डोळ्याला हे दिसणे शक्य नाही, बोटालाही लागत नाही. पण ८० च्या वेगात चाक सेकंदाला बारा वेळा फिरते. दर फेऱ्याला तो जाड भाग पॅडमध्ये आला की पॅड मागे ढकलला जातो, तेल मागे ढकलले जाते आणि पेडल पायाला मारतो.

हा जाड भाग तयार होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट पॅडच्या थराची. घाट उतरून तापलेली गाडी कसाऱ्याच्या नाक्यावर चहासाठी थांबते आणि चालक उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला दाबून राहतो आणि त्याचा थर शिक्का उमटावा तसा तिथे चिकटतो. पुढे दर वेळी ब्रेक दाबला की त्या ठिकाणी जास्त घर्षण, जास्त उष्णता. तापमान साडेसहाशे-सातशे अंशांच्या आसपास गेले, तर तिथल्या बिडाची रचनाच बदलून अतिकठीण ठिपके तयार होतात. अशा डिस्कवर निळसर-काळे डाग दिसतात.

दुसरी वाट गंजाची. डिस्क ज्या हबवर बसते, त्या दोघांच्या मध्ये गंजाची खपली किंवा लाल मातीचा कण अडकला, की चकती किंचित तिरकी बसते. फिरताना ती डुलते. मेकॅनिक याला ‘आऊट’ म्हणतात. बहुतेक मोटारींत ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त आऊट चालत नाही. गंमत अशी की, आऊट आल्याबरोबर थरथर जाणवत नाही. ब्रेक न दाबताही डुलणारी चकती दर फेऱ्याला पॅडला हलकेच चाटत राहते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजून जाडीत फरक पडतो. म्हणून पॅड बदलल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी थरथर सुरू झाली की मालक पॅडला दोष देतो. खरे कारण हबवरचा न घासलेला गंज असतो. नट कसताना एअरगनने एक नट गच्च आणि दुसरा सैल राहिला, तरी हाच परिणाम होतो.

या भागातच हे जास्त का होते?

एक तर पाऊस. शहापूर, मुरबाडमधल्या पावसात चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस थर चढतो. तो वरवरचा असेल तर पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. पण पॅडखाली झाकल्या गेलेल्या भागात गंज खोल जातो. डिस्कची आतली, गाडीच्या पोटाकडची बाजू तर कुणी बघतच नाही. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या डिस्कची आतली बाजू खडबडीत आणि नाल्या पडलेली निघणे ही मेकॅनिकसाठी नेहमीची गोष्ट.

दुसरे कारण चिखल. शेताच्या बांधापासून, वीटभट्टीपासून आणि खडीच्या खाणीपासून निघणाऱ्या गाड्यांच्या पॅडमध्ये वाळूचे कण अडकतात आणि काचेवर हिरा चालवावा तसे डिस्कवर खोल चरे पाडतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांचे रबर फाटून आत चिखल गेला की पिना जाम होतात. मग एक पॅड सतत घासतो, दुसरा कामच करत नाही. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, तिथे बऱ्याचदा जाम झालेली पिन किंवा पिस्टन सापडतो.

आणि तिसरे कारण वजन. ते बोलायला गैरसोयीचे आहे. एका विटेचे वजन अडीच-तीन किलो धरले, तरी हजार विटा म्हणजे अडीच ते तीन टन. पिकअपची कागदावरची क्षमता मॉडेलनुसार सव्वा ते दोन टनांच्या घरात असते. गाडी चढ चढते, म्हणून ती तेवढ्या वजनासाठी बनली आहे असे गृहीत धरले जाते. इंजिनाने ओढले म्हणजे ब्रेकने थांबवले, असे होत नाही. ज्या गाडीच्या डिस्क वर्षा-दीड वर्षात ‘बेंड’ होतात, तिचा दोष डिस्क बनवणाऱ्यात शोधण्याआधी तिच्या हौद्यात काय भरले जाते हे पाहिलेले बरे.

थरथर म्हणजे डिस्कच खराब, असे समजावे का?

नाही. ब्रेक न दाबता ठरावीक वेगाला स्टेअरिंग हलत असेल, तर दोष बहुधा व्हील बॅलन्सिंगचा, वाकलेल्या रिमचा किंवा टायरचा असतो. ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरले तर पुढची डिस्क. स्टेअरिंग शांत पण सीट आणि पेडल हलतात, तर मागचे ड्रम बघावेत. करकर असा सतत आवाज म्हणजे पॅड संपून लोखंडाला लोखंड लागले. अशा गाडीने गॅरेजपर्यंतचा प्रवासही जपूनच करावा. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, ती डिस्कला लागून किणकिणते. ती पूर्वसूचना असते, बिघाड नव्हे. आणि एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पाय धडधडला तर घाबरायचे कारण नाही, ती यंत्रणा तशीच काम करते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाल्याने हा अनुभव आता मोटारसायकलवाल्यांनाही येतो.

घासायची कधी, बदलायची कधी?

याचे उत्तर डिस्कवरच लिहिलेले असते. चकतीच्या मधल्या भागावर किंवा कडेला ‘एमआयएन टीएच’ अशी इंग्रजी अक्षरे आणि पुढे मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो. ही किमान जाडी. याखाली डिस्क वापरायची नाही, मग ती दिसायला कितीही चांगली असो. ड्रमवर याच्या उलट, कमाल व्यास लिहिलेला असतो. डिस्क झिजली की पातळ होते, ड्रम झिजला की आतून मोठा होतो.

उदाहरण घेऊ. नवी डिस्क २२ मिलिमीटर, किमान जाडी २० असे समजा. मोजली तेव्हा २१.६ भरली. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.३ काढले, उरली २१.०. ही डिस्क घासणे शहाणपणाचे, पुढचा पॅडचा सेट ती आरामात पेलेल. आता तीच डिस्क २०.९ भरली. दोन्ही बाजूंनी ०.३ काढल्यावर २०.३ उरते. कागदावर ती अजून ‘पास’ आहे. पण नवे पॅड संपेपर्यंत ती २० च्या खाली जाणार, आणि ते घाटात केव्हा घडले हे कुणालाही कळणार नाही. ही डिस्क बदलायला हवी. म्हणजे प्रश्न आज किती उरली एवढाच नाही. घासल्यावर किती उरेल आणि तेवढ्यावर पुढचे पॅड निघतील का, हा खरा हिशेब.

पातळ डिस्कमुळे नेमके काय बिघडते? तिच्यात उष्णता साठवायला लोखंड कमी उरते. तेवढ्याच उतारावर ती जास्त तापते. पॅडची पकड ढिली पडते, ब्रेकचे तेल तापते. शिवाय डिस्क पातळ आणि पॅडही झिजलेले असतील, तर पिस्टन नेहमीपेक्षा फार बाहेर येतो आणि तेल गळण्याचा धोका वाढतो.

तडे गेलेली डिस्क घासत नाहीत. तापण्या-थंड होण्याने पृष्ठभागावर आलेल्या केसासारख्या बारीक रेषा वेगळ्या. पण कडेपर्यंत पोहोचलेली किंवा नखात अडकणारी भेग दिसली की तो तुकडा भंगाराचा. निळे-काळे कठीण ठिपके असलेल्या डिस्कचेही तसेच. लेथचे हत्यार त्या ठिपक्यांवरून उडते, आजूबाजूचे मऊ लोखंड कापते आणि आठवड्याभरात थरथर परत येते. मधल्या पोकळीतल्या पंख्यासारख्या फासळ्या गंजून फुटल्या असतील, तर वरून गुळगुळीत करून उपयोग नाही.

उलट, नुसत्या हलक्या नाल्या पडल्या आहेत, थरथर नाही, जाडी भरपूर आहे, अशा डिस्कला हातही लावू नये. ‘पॅड बदलले की डिस्क घासायचीच’ हा काही गॅरेजचा रिवाज मालकाच्या खिशापेक्षा डिस्कच्या आयुष्याला जास्त महाग पडतो.

दुचाकीच्या डिस्कबाबत तर चर्चाच नको. ती नवी असतानाच चार-साडेचार मिलिमीटर असते आणि अर्धा मिलिमीटर झिजली की तिची मर्यादा जवळ येते. तिला लेथवर धरण्यात अर्थ नाही. पडून वाकली किंवा डिस्कला लावलेले कुलूप काढायचे विसरून गाडी पुढे घेतली आणि ती मुरडली, तर हातोडीने सरळ करायचा मोह टाळावा. नवी घ्यावी.

लेथवरचे काम बरोबर झाले, हे कसे ओळखावे?

मुरबाडला एमआयडीसी असल्याने लेथ आणि लेथ चालवणारे हात या भागाला नवे नाहीत. अडचण कौशल्याची कमी आणि पद्धतीची जास्त आहे. साध्या लेथच्या चकमध्ये डिस्क धरून आधी एक बाजू कापतात, मग उलटी करून दुसरी. दुसऱ्या वेळी ती केसभर तिरकी धरली गेली, तर दोन्ही बाजू स्वतंत्रपणे गुळगुळीत पण एकमेकींना समांतर नाहीत, अशी अवस्था होते. म्हणजे ज्या रोगासाठी डिस्क नेली, तोच रोग लेथने नव्याने दिला. दोन्ही बाजू एकाच वेळी कापणारे, दोन हत्यारांचे यंत्र यासाठीच असते. मोठ्या शहरांत गाडीवरच, हबवर बसवलेल्या स्थितीत डिस्क कापणारी यंत्रेही मिळतात. त्यात हबचा स्वतःचा आऊटही भरून निघतो.

साध्या लेथवरही चांगले काम होते, पण त्यासाठी डिस्कची हबवर टेकणारी बाजू आधी घासून स्वच्छ करावी लागते आणि डायल गेजने आऊट बघूनच पहिला काप घ्यावा लागतो. काम झाल्यावर मायक्रोमीटरने डिस्कच्या घेरावर सहा-आठ ठिकाणी जाडी मोजावी. साध्या व्हर्निअर कॅलिपरने किमान जाडीचा अंदाज येतो, पण शतांश मिलिमीटरचा फरक पकडता येत नाही. शिवाय वापरलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला उंचवटा राहतो. व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकले तर जाडी खोटी, जास्तच दिसते. मोजणी पॅड घासतो त्या पट्ट्यातच व्हायला हवी.

बसवण्यापूर्वी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढणे, डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन पुसणे आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने कसणे, ही कामे बिलात दिसत नाहीत. थरथर परत येणार की नाही, ते मात्र बहुतेक वेळा यांवरच ठरते. आणखी एक गोष्ट. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून देण्याची सवय सार्वत्रिक आहे. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते. ओल्या फडक्याने पुसणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

एकच डिस्क बदलली तर चालते का?

पैसे वाचवण्यासाठी ही विचारणा हमखास होते. डिस्क जोडीनेच बदलावी किंवा घासावी. एका बाजूला नवी जाड आणि दुसऱ्या बाजूला झिजकी पातळ असेल, तर दोन्हींचे तापणे आणि पकडणे वेगळे राहते. घाटाच्या वळणावर, ओल्या रस्त्यावर हा फरक गाडीला तिरपे ओढतो. घासलेल्या किंवा नव्या डिस्कवर जुने, खड्डे पडलेले पॅड बसवणे हीही खोटी काटकसर.

खर्चाचे गणित इथे पूर्वीसारखे राहिलेले नाही. डिस्क महाग आणि मजुरी स्वस्त होती, तेव्हा घासणे हाच सरळ मार्ग होता. आता लहान मोटारींच्या डिस्क तुलनेने आवाक्यात आल्या आहेत. डिस्क काढणे, लेथपर्यंत नेणे, दिवसभर गाडी उभी राहणे, परत बसवणे असा सगळा हिशेब केला, तर बऱ्याचदा नवी जोडी फार महाग पडत नाही. पिकअपवाल्यासाठी तर बुडालेली एक फेरी हाच मोठा खर्च. जड वाहनांच्या ड्रमचे मात्र अजून वेगळे आहे. तो जाड असतो, महाग असतो आणि त्यात कापायला वाव असतो. तिथे लेथची परंपरा टिकून आहे आणि कमाल व्यासाची मर्यादा पाळली तर ती योग्यही आहे. व्यास वाढल्यावर जुन्या मापाचे शू त्याला पूर्ण टेकत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे लागते.

ब्रेक फेल झाला म्हणजे डिस्क गेली का?

अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द सहज येतात. ४ जुलै २०२३ रोजी याच मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा बळी गेला. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. तिथेही सुरुवातीला ब्रेक फेलचीच चर्चा झाली, पण नंतर चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याची बाब तपासातून पुढे आली. डिझेल वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रल किंवा इंजिन बंद करणे म्हणजे इंजिनाचा रोध गमावणे. मोटारीत ब्रेकला मदत करणारी यंत्रणा आणि ट्रकमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतात. ते बंद झाल्यावर साठलेल्या जोरावर काही मोजकेच ब्रेक मिळतात.

उतारावर ब्रेक ‘जातो’ तेव्हा बहुतेक वेळा तुटलेले काहीच नसते. अतितापाने पॅडची पकड सुटते. ट्रकचा ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. किंवा ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेले तेच तेल १४० अंशांवरही उकळू शकते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन वर्षांनी तेल बदलणे म्हणूनच गरजेचे. हे काम डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि त्याकडे होणारे दुर्लक्षही कितीतरी जास्त.

तपासणी कोण करते?

व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. त्यात ब्रेकची चाचणी असते. पण घाटात रोज चालणाऱ्या पिकअपचे पॅड दोन तपासण्यांच्या मध्ये सहज संपतात. खासगी मोटारीला तर पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण होईपर्यंत अशी सक्तीची तपासणीच नाही. पीयूसी फक्त धूर बघते. शाळेच्या व्हॅनमध्ये मुलाला बसवणाऱ्या पालकाने ‘डिस्कची जाडी शेवटची कधी मोजली?’ असे विचारणे आजतरी विचित्र वाटते. पण डोळखांब, किन्हवली किंवा धसईच्या आडवळणी रस्त्यांवर त्या प्रश्नाचे उत्तर देणारे दुसरे कुणी नाही.

नवी किंवा घासलेली डिस्क बसवल्यावर काय करावे?

लगेच भरलेली गाडी घेऊन घाट गाठू नये. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, मध्ये थोडे अंतर जाऊ द्यावे आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून सगळे थंड होऊ द्यावे. याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. घाटात ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. पाय सतत पेडलवर घासत ठेवण्यापेक्षा ठरावीक वेळाने ठामपणे दाबून सोडावा. खाली आल्यावर तापल्या चाकांवर वॉशिंग सेंटरचा थंड फवारा मारू नये, बिडाला तडा जाऊ शकतो.

बदललेली जुनी डिस्क गॅरेजमध्येच सोडली जाते. तिथून ती भंगारवाल्याकडे आणि त्याच्याकडून एखाद्या फाउंड्रीच्या भट्टीत जाते. पण मर्यादेखाली गेलेली डिस्कही पुन्हा एकदा घासली, रंग मारला, की ‘सेकंडहँड’ म्हणून नव्या गिऱ्हाइकाला खपू शकते. त्यामुळे जुन्या बाजारातून डिस्क घेताना आधी कोरलेला आकडा शोधावा. तो आकडा घासून काढलेला असेल, तर डिस्क तिथेच ठेवून निघावे. आणि स्वतःची संपलेली डिस्क सोडताना ग्राइंडरने तिच्या तोंडावर आडवा खोल काप मारून घ्यावा.